गावच्या घरात रेंज नाही, बूस्टर घेऊ का? आधी फोन घेऊन माळ्यावर चढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते आधी लिहितो, चुकलं असेल तर सांगा. संगमेश्वर तालुक्यात डोंगराच्या कुशीतलं घर, जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागच्या पडवीला पत्रा. आईबाबा कायम तिथंच असतात आणि तुम्हाला गणपतीच्या आधीपासून दोन महिने तिथून ऑफिसचं काम करायचंय. खळ्यात तुळशीपाशी रेंजच्या दोन दांड्या दिसतात, ओटीवर आलं की एक, माजघरात गेलं की नो सर्व्हिस. दीड हजाराचा वायफाय एक्स्टेंडर आणून लावला, फरक शून्य. आता दुकानदार म्हणतोय मोबाईल सिग्नल बूस्टर घ्या सात हजाराचा, तर तो घ्यायचा का.

बूस्टर घेऊ नका. का ते खाली सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट सुटी करू, कारण गेली चौदा वर्षं चिपळूण ते राजापूर या पट्ट्यात हीच कामं करतोय आणि दहातल्या सात घरांत पैसे इथंच वाया गेलेले बघितलेत. तुमच्याकडे एक नाही, दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे टॉवरपासून घरापर्यंत सिग्नल येणं, दुसरी म्हणजे आलेलं नेट घरभर पोचवणं. एक्स्टेंडर दुसऱ्या अडचणीचं औषध आहे आणि तुमची पहिलीच सुटलेली नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी घरात आणायचं तर पाईप झऱ्याशी लावावा लागतो, तुम्ही स्वयंपाकघरात अजून एक नळ बसवलात. एक्स्टेंडरची त्यात काही चूक नाही, जपून ठेवा, पुढे कदाचित उपयोगी पडेल.

आता बूस्टर. बाहेर एक अँटेना, मध्ये डबा, आत एक अँटेना, असं जे विकतात त्याला रिपीटर म्हणतात आणि आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे. दुकानात मिळतो, ऑनलाईन मिळतो म्हणजे चालतो असं नाही. कायद्यापलीकडचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा डबा तुमच्या फोनचा आवाज मोठा करून टॉवरकडे पाठवतो, त्याबरोबर कचराही मोठा करून पाठवतो, आणि आतली-बाहेरची अँटेना एकमेकींना ऐकायला लागल्या की माईक स्पीकरजवळ नेल्यावर जशी शिट्टी वाजते तशी शिट्टी रेडिओत सुरू होते. ती ऐकू येत नाही, पण त्या टॉवरवरच्या सगळ्या वाडीचं नेट मरतं. एका गावात मी स्वतः हे शोधून काढलंय, तीन आठवडे सगळे कंपनीला शिव्या घालत होते आणि कारण निघालं एका घराच्या गच्चीवरचा डबा. त्या माणसाला बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती.

मग करायचं काय? जिथं सिग्नल आहे तिथं सिमचा राऊटर न्यायचा आणि तिथून घरात वायर आणायची. सिग्नल घरात ओढत बसायचं नाही. राऊटरला अँटेना जोडणं आणि रिपीटर लावणं यात फरक आहे, राऊटर हा टॉवरच्या दृष्टीने फोनसारखाच, कंपनीच्या सिमवर चालणारा, टॉवर सांगेल तेवढ्याच ताकदीने बोलणारा.

पण काहीही विकत घ्यायच्या आधी मोजा. दांड्या बघू नका. दांड्या प्रत्येक फोन आपल्या मनाने काढतो, एका फोनवर तीन असतील तिथंच दुसऱ्यावर एक. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर किंवा नेटवर्क सेल इन्फो यातलं एखादं अॅप टाका, त्यात आरएसआरपी म्हणून आकडा दिसतो, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती ताकदीने पोचतोय ते, तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे झकास, उणे १०० म्हणजे काम चालेल, उणे ११० ला कुरकुर सुरू, उणे १२० म्हणजे संपलंच. दुसरा आकडा एसआयएनआर, म्हणजे सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे ते. २० च्या पुढे उत्तम, १० च्या आसपास बरं, शून्याच्या खाली गेला की आरएसआरपी कितीही चांगला असो, नेट रडतंच. माणसं पहिला आकडा बघतात आणि दुसरा सोडून देतात, माझं मत विचाराल तर कामाच्या मीटिंगसाठी दुसराच जास्त बोलतो.

हे आकडे डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये असतात, त्याचा हिशोब एकदा डोक्यात बसवून घ्या, पुढे सगळीकडे लागतो. ३ डीबी वाढले म्हणजे ताकद दुप्पट, १० वाढले म्हणजे दहापट. म्हणजे माजघरात उणे ११८ आणि पाण्याच्या टाकीवर उणे ९५ असेल तर फरक २३ डीबीचा, म्हणजे टाकीवर माजघराच्या जवळजवळ दोनशेपट सिग्नल आहे. नुसतं वर चढून. एवढं घरगुती विकतची अँटेना सहसा देत नाही.

तर फोन फक्त ४जी वर लावा आणि घरभर फिरा. खळं, ओटी, माजघर, माळा, टाकी, विहिरीकडची बाजू, गोठ्यामागचा दरड. प्रत्येक जागी विमान मोड चालू करून बंद करायचा, एक मिनिट थांबायचं, कारण फोन जुन्याच टॉवरला चिकटून राहतो, आणि मग आकडे वहीत लिहायचे. सोबत सेल आयडी, म्हणजे टॉवरचा ओळख-क्रमांक, आणि बँड, म्हणजे सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर येतोय ते, पण लिहा. सकाळी सातला, दुपारी आणि रात्री नऊला, असं तीन दिवस. कंटाळवाणं आहे, मान्य, पण या वहीवरच पुढचे सगळे पैसे ठरतात. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपन्यांची सिमं असतील, त्यांचे फोन पाच मिनिटं मागून त्याच जागी मोजा. आपल्याकडच्या खोऱ्यांत एका डोंगरसोंडेच्या अलीकडे एक कंपनी आणि पलीकडे दुसरी असं सर्रास असतं, आणि नंबर पोर्ट करणं हा सगळ्यात स्वस्त अँटेना आहे. खरं तर पोर्टही करू नका, राऊटरसाठी वेगळं सिम घ्या, आईबाबांचे नंबर आहेत तसे राहू द्या.

बँडचं थोडं समजून घ्या, आकडे मेगाहर्ट्झमधले. ७००, ८५०, ९०० हे खालचे बँड लांब जातात, झाडाझुडपांतून, भिंतींतून बऱ्यापैकी शिरतात, पण त्यांची रुंदी कमी असते, म्हणजे रस्ता लांब पण एकेरी. १८०० आणि २१०० मधले. २३०० आणि २५०० ला रुंदी भरपूर, वेग चांगला, पण डोंगर आडवा आला की गेलं. फोन घरात असला की ८५० ला चिकटतो कारण तेवढंच आत येतं, आणि संध्याकाळी सगळं गाव त्याच एकेरी रस्त्यावर. त्याच घराच्या छपरावर गेलं की कधीकधी १८०० किंवा २३०० मिळतो आणि वेग एकदम चारपट. म्हणून बँड लिहा म्हणतो. ५जी चा विचार सध्या सोडा, शहरात जो वेग दिसतो तो मुख्यतः ३५०० च्या बँडवरचा, तो तुमच्या खोऱ्यात झाडांतून येईल अशी आशा ठेवू नका. आलाच तर आनंदच आहे, मग एअरफायबर, म्हणजे कंपनीचं ५जी वरचं घरगुती नेट, मिळतं का ते आधी विचारा, त्यात बाहेरचा डबा कंपनीच बसवून देते.

अजून एक जे कुणी सांगत नाही. मीटिंगमध्ये तुम्हाला समोरच्यांचं नीट ऐकू येतं पण ते म्हणतात तुझा आवाज तुटतोय, असं होतं ना? टॉवर कित्येक वॅटने बोलतो, फोन बोलतो जास्तीत जास्त २०० मिलीवॅटने. टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला येत नाही. म्हणून स्पीडटेस्टमध्ये डाउनलोड बघून खूश होऊ नका, अपलोड बघा. एका व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंना साधारण १ ते ३ एमबीपीएस लागतात, अपलोड सतत २ च्या वर असेल तर तुमचं काम होईल. चांगल्या अँटेनाचा खरा फायदा इथंच आहे, ती ऐकतेही जास्त आणि बोलतेही त्याच दिशेने.

समजा आकडे झाले आणि माळ्यावर किंवा टाकीवर उणे १०० च्या आतबाहेर मिळतंय. आता फुकटातली चाचणी करा. घरातला जुना अँड्रॉइड फोन, त्यात ते सिम, हॉटस्पॉट चालू, चार्जर लावून तिथं ठेवा आणि दोन दिवस खालून काम करून बघा. कायमचा उपाय म्हणून हे नको, कौलांखाली मे महिन्यात काय उकडतं तुम्हाला माहितीय, सतत चार्जिंगला असलेल्या फोनची बॅटरी फुगते, मी पोटफुगे फोन माळ्यांवरून बरेच काढलेत. पण चाचणीला एक नंबर. दोन दिवस नीट चाललं तर समजा जागा बरोबर आहे.

मग खरेदी. दोन रस्ते आहेत. एक, घरात ठेवायचा सिमचा राऊटर आणि बाहेर अँटेना, मध्ये जाड केबल. दोन, बाहेरच लावायचा राऊटर, ज्यात अँटेना आणि सिम एकाच डब्यात असतात आणि खाली फक्त एक लॅनची वायर येते, तिच्यातूनच त्याला वीज जाते, त्याला पीओई म्हणतात. तुमच्या घराला मी दुसराच सांगेन आणि कारण केबल आहे. अँटेनाची केबल सिग्नल खाते. बाजारात अँटेनाबरोबर जी बारीक काळी केबल येते ती १८०० च्या बँडवर दहा मीटरला ७ डीबीच्या आसपास गिळते. तुम्ही १० डीबीची अँटेना घेतली, सात केबलने खाल्ले, उरले तीन. एलएमआर ४०० सारखी बोटाएवढी जाड केबल असेल तर तेवढ्याच लांबीला २ डीबी जातात, पण ती महाग, वळत नाही, आणि अशा दोन लागतात. लॅनच्या वायरला ही भानगडच नाही, १०० मीटरपर्यंत काही कमी होत नाही. टाकीपासून माजघरापर्यंत तुमचं अंतर वीस-पंचवीस मीटर असेल.

दोन केबल का लागतात हेही सांगतो कारण इथं फसवतात. ४जी मध्ये टॉवर दोन वाटांनी एकाच वेळी डेटा पाठवतो, राऊटरला मागे दोन भोकं त्यासाठी असतात. एकच यागी, म्हणजे लांब दांड्यांची अँटेना घेऊन एका भोकात लावली तर अर्धी वाट बंद. घ्यायचीच तर एका पेटीत दोन आडव्या-तिडव्या अँटेना असलेली आणि दोन केबल निघणारी घ्या. राऊटर घेताना कॅट ४ आणि कॅट ६ असं लिहिलेलं असतं. कॅट ४ एकाच बँडवर चालतो, कॅट ६ दोन बँड एकत्र जोडू शकतो. तुमच्याकडे छपरावर दोन बँड मिळत असतील तरच कॅट ६ चे जास्तीचे पैसे द्या, एकच मिळत असेल तर कॅट ४ पुरे. आणि बँड हाताने निवडायची सोय, म्हणजे बँड लॉक, आहे का हे दुकानात विचारून घ्या, याला मी वेगापेक्षा जास्त किंमत देतो.

दिशा लावायचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त घाईत उरकलं जाणारं. लांज्याच्या बाजूला एक घर होतं, समोर नदीपलीकडे टॉवर स्वच्छ दिसायचा, लाल दिवा रात्री खिडकीतून दिसायचा. मी अँटेना सरळ त्यावर रोखली आणि आकडे खळ्यात उभं राहून मिळायचे त्याहून वाईट. तासभर डोकं खाजवलं. मग सेल आयडी बघितला तर त्या टॉवरवर आमच्या सिमची कंपनीच नव्हती. आमचा टॉवर मागच्या डोंगराआड, आणि त्याचा सिग्नल समोरच्या डोंगराच्या कातळावर आपटून घराकडे येत होता. शेवटी अँटेना लागली ती ना या टॉवरकडे ना त्या, एका उघड्या कातळाकडे, आणि आरएसआरपी १४ डीबीने वाढला. तेव्हापासून मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. टॉवर कुठं आहेत ते तरंग संचार या सरकारी पोर्टलवर नकाशात दिसतं, ते बघून अंदाज घ्या, काही फोनवर अॅपमध्ये टायमिंग अॅडव्हान्स म्हणून आकडा येतो, त्याला ७८ ने गुणलं की टॉवर साधारण किती मीटरवर आहे ते कळतं. पण शेवटचा शब्द मोजलेल्या आकड्याचा.

करायचं असं. एक जण वर, एक जण खाली राऊटरचं पान मोबाईलवर उघडून. वरच्याने डबा एक वीतभर फिरवायचा आणि थांबायचं. मोजून चाळीस सेकंद. राऊटर आकडा हळूहळू बदलतो, लगेच फिरवत गेलात तर मागच्या जागेचा आकडा पुढच्या जागेला लिहाल. खालच्याने दोन्ही आकडे ओरडून सांगायचे, वरच्याने पाईपवर खडूने खूण करायची. पूर्ण फेरी मारायची, अर्ध्यात चांगला आकडा आला म्हणून बोल्ट आवळायचा नाही. मग सगळ्यात चांगल्या दोन दिशांना स्पीडटेस्ट घ्यायची आणि अपलोड जिथं जास्त ती ठेवायची. कधीकधी आरएसआरपी ४ डीबीने कमी असलेली दिशा एसआयएनआर चांगला म्हणून जिंकते. उंचीचंही तसंच, पाईप अर्धा मीटर वर-खाली करून बघा.

झाडांचं बोलायला हवं कारण तुम्ही नेमक्या पावसात जाणार आहात. एप्रिलमध्ये लावलेलं जुलैत रडतं असा फोन मला दरवर्षी येतो. पावसाच्या धारांनी या बँडवर फारसं बिघडत नाही, बिघडतं ते ओल्या पानांनी. आंबा, फणस, काजू यांची पानं पाणी धरून बसतात आणि सिग्नल पितात. आणि वाट मोकळी हवी म्हणजे डोळ्याला टॉवर दिसला पुरे असं नाही, टॉवर तीन किलोमीटरवर असेल तर मधोमध त्या सरळ रेषेच्या चहूबाजूंनी दहा-अकरा मीटर जागा मोकळी असेल तर सिग्नल पूर्ण ताकदीने येतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. तेवढं कोकणात कुणाला मिळतंय, आणि त्यासाठी कुणाचा कलमी आंबा तोडा असं मी कधी सांगणार नाही. पण मोजणी उन्हाळ्यात केली असेल तर पावसासाठी ६ ते १० डीबी हातात शिल्लक ठेवा. आणि माडाला अँटेना बांधू नका, लोक बांधतात कारण उंची फुकट मिळते, पण माड वाऱ्यात हलतो आणि दिशा हलली की सगळं गेलं. गॅल्वनाइज्डचा पाईप, भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्प.

इथंपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर आकडे वहीत, दुसऱ्या कंपनीचं सिम तपासून, जुन्या फोनने दोन दिवस चाचणी, मग बाहेरचा राऊटर पाईपवर, दिशा आकड्याने, आणि लॅनची वायर घरात. आता आतलं.

चिऱ्याची भिंत नऊ इंची, जुन्या घरात त्याहून जाड, आणि पावसात ओल धरते. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ अशी एक भिंत जेमतेम ओलांडतो, दुसरी नाहीच. २.४ वाला दोन ओलांडतो पण कमी वेगाने. त्यामुळे कितीही मोठ्या शिंगांचा राऊटर माजघरात ठेवा, ओटी आणि मागची पडवी दोन्ही पकडणार नाही, शिंगांची संख्या बघून घेऊ नका. वरून आलेली लॅनची वायर माजघरात एका साध्या वायफाय राऊटरला, तिथून दुसरी वायर ओटीवर दुसऱ्या राऊटरला. दुसरा राऊटर म्हणून घरातला जुना फायबरवाला किंवा कुणाचा पडून असलेला चालतो. त्यात डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा द्यायचा, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि वायर वॅन नाही, लॅनच्या भोकात लावायची. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच, चॅनल मात्र वेगळे, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११. फोन फिरता फिरता आपोआप जवळचा पकडतो, कधी अडून बसतो, मग वायफाय एकदा बंद-चालू.

मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, घेऊ का असं पुढे विचाराल. घ्या, पण वायरने जोडायला तयार असाल तर, कारण बिनवायरचे मेश डबे एकमेकांशी त्याच भिंतींतून बोलणार. तुमचा तो एक्स्टेंडर मागच्या पडवीसाठी वापरा, फक्त अंधाऱ्या कोपऱ्यात नाही, जिथं माजघराचं वायफाय अजून अर्धं येतंय अशा दारापाशी लावा. तो वेग निम्मा करतो, बाबांना बातम्या बघायला तेवढा भरपूर. तुमचा कामाचा लॅपटॉप मात्र सरळ लॅनच्या वायरवर.

आणि आईबाबांसाठी हे नक्की करा. त्यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, सेटिंगमध्ये सिमच्या पानावर असतं, फोन आणि कंपनी दोन्हींनी ते दिलेलं असलं पाहिजे एवढंच. मग फोनला रेंज शून्य असली तरी साधा कॉल वायफायवरून येतो-जातो, राऊटरमधलं सिम दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. रात्री बाबांना बरं नाही म्हणून आईला बॅटरी घेऊन तुळशीपाशी जाऊन फोन करावा लागू नये, माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं पहिलं कारण ते असायला हवं, ऑफिस नंतर. म्हणूनच यूपीएस टाळू नका. राऊटरसाठी छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, दोन-चार तास काढतो. छपरावरच्या राऊटरच्या पीओई अडॅप्टरला किती व्होल्ट लागतात ते बघून घ्या, काहींना २४ किंवा ४८ लागतात, तिथं हा १२ वाला चालत नाही, घरातल्या इन्व्हर्टरची लाईन द्या. खालचा एकच राऊटर चालू आणि वरचा बंद असं ठेवून उपयोग नाही, दोन्हींना वीज हवी.

विजेचं, म्हणजे आकाशातल्या. आपल्याकडे मेअखेर आणि परतीच्या पावसात कडकडाट असतो आणि छपरावर लोखंडी पाईप उभा केला की त्याला अर्थिंग द्यावंच लागतं, वेगळी तांब्याची तार खाली जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत. लॅनच्या वायरवर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारा डबा, लावा. तरीही गडगडायला लागलं की आईला सांगून ठेवा, प्लग आणि लॅनची पिन दोन्ही काढायचे. नुसता प्लग काढून वायर तशीच ठेवल्याने गेलेले राऊटर मी डझनाने बघितलेत, टीव्हीसकट. वायर बाहेरच्या वापराची, काळ्या जाड आवरणाची घ्या, घरातली पांढरी-निळी वायर दोन उन्हाळ्यांत तडकते. घरात शिरायच्या जागी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं. भिंतीवरून पीव्हीसी पाईपातून आणा, उंदरांना ती फार आवडते. आणि माकडं. तुमच्या वाडीत माकडांचा फेरा असेल तर लांब दांड्यांची यागी लावू नका, ती त्यांना झोका वाटते, सपाट डबा टिकतो.

एक गोष्ट यातलं काहीही करून सुटणार नाही, ती आत्ताच सांगून ठेवतो. गणपतीच्या आठ-दहा दिवसांत चाकरमानी आले की तुमच्या टॉवरवर रोजच्या कितीतरी पट फोन चढतात. आरएसआरपी उणे ८५, सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि पान उघडत नाही. ती गर्दी आहे, सिग्नलचा दोष नाही, दिशा फिरवत बसू नका. त्या दिवसांसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी ठेवा, जड फायली पहाटे पाठवा, मीटिंगला कॅमेरा बंद, नुसत्या आवाजाला अगदी थोडं नेट पुरतं. शक्य असेल तर ते दिवस सुट्टीच टाका, नाहीतरी घरात पाहुणे असणार.

डेटाचंही बघा. रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन राऊटरला पुरत नाही, लॅपटॉपचा एक अपडेट त्यात संपतो. महिन्याचा एकत्र कोटा असलेला प्लॅन शोधा, आणि लॅपटॉपमध्ये हे कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं, म्हणून टाका. फोटोंचा बॅकअप सगळ्यांच्या फोनवर बंद. अंगणात सीसीटीव्ही लावायचा विचार असेल तर एवढंच, मोबाईल नेटवर बाहेरून थेट आयपी पत्ता टाकून कॅमेरा सहसा बघता येत नाही, अॅपवरून क्लाउडने चालणारा घ्या.

आणि हे सगळं करायच्या आधी एक फोन ग्रामपंचायतीत आणि एक केबलवाल्याला. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर पंचायतीपर्यंत आलेली असू शकते, केबलवाल्यांनी बऱ्याच वाड्यांत खांबांवरून फायबर नेलीय. तुमच्या घरापासून चार-पाच खांबांवर असेल तर दोन हजार जास्त मागितले तरी तेच घ्या, आणि सिमचा राऊटर साधा घेऊन फायबर तुटेल त्या दिवसांसाठी ठेवा, पावसात झाड पडून ती तुटतेच.

आता तुम्ही एवढं करा. या शनिवार-रविवारी जाणार असाल तर माजघर, खळं आणि टाकी अशा तीन जागांचे आरएसआरपी, एसआयएनआर, बँड आणि सेल आयडी इथं टाका, दोन कंपन्यांचे मिळाले तर फारच छान. घराचं तोंड कुठल्या दिशेला आणि डोंगर कुठल्या बाजूला तेही लिहा. टाकीवर उणे ११२ च्या पलीकडे असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बदलेल, मग दरडीवर पाईप उभा करून साठ-सत्तर मीटर वायर खाली आणता येते का ते बघावं लागेल. टाकीवर चढताना कुणाला तरी खाली उभं करा, शेवाळ असतं.